साडेदहाला माघारी

गेल्या वर्षी चैत्रात माझ्या नणंदेच्या अंगातून एकेचाळीस काटे निघाले. काही आम्ही गडाच्या पायथ्याशी नखानं खरवडून काढले, उरलेले दवाखान्यात नर्सनं काढले. कानामागचा शेवटचा काटा निघाला तेव्हा संध्याकाळ झाली होती. वन्संचे ओठ सुजलेले होते, डोळे मिटलेले होते आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. तो आवाज अजूनही कधी कधी रात्री माझ्या कानात वाजतो.

चूक आमचीच होती. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात रोज सकाळी फिरायला येणाऱ्या आम्ही काहीजणी, पाडव्यानंतर चंदगड बाजूच्या एका गडावर गेलो होतो. वर पोहोचल्यावर चहाची हुक्की आली. वारा लागू नये म्हणून कातळाच्या आडोशाला तीन दगड मांडले आणि वाळक्या काटक्या पेटवल्या. वरच्या कपारीकडं कुणी मान वर करून पाहिलंच नाही. तिथं आग्या मोहोळ होतं. धूर सरळ त्यात गेला. आधी चार-पाच माश्या आल्या, एकीनं ओढणीनं झटकल्या, आणि मग मिनिटभरात आभाळ काळं झाल्यासारखं झालं. आम्ही पळालो. वन्संना मागून कुणीतरी ओरडून सांगितलं, "बसा खाली, हलू नका!" त्या डोक्यावर पदर घेऊन तिथंच बसल्या, म्हणून सगळ्यांत जास्त डंख त्यांनाच बसले.

ही समजूत आपल्याकडं किती पक्की आहे, हे मी नंतर बघितलं. दहाजणांना विचारलं तर निम्मे सांगतात की निपचित पडून राहायचं. आग्या उठल्यावर ते उपयोगाचं नसतं. डंख मारताना माशीचा काटा कातडीत राहतो आणि त्यातून एक वास सुटतो. बाकीच्या माश्यांना तो इशारा असतो, त्या त्याच जागी येतात. म्हणून तोंड, नाक, डोळे झाकून, हात न झाडता, लांब निघून जायचं. जमलं तर दाट झुडपांतून, नाहीतर बंद खोलीत किंवा गाडीत. पाण्यात उडी मारायची नाही, कारण त्या वर घिरट्या घालत थांबतात. लांब गेल्यावर काटे काढायचे, आणि तेही पटापट. नखानं काढा, कार्डाच्या कडेनं काढा, पण वेळ घालवू नका, कारण काट्यालगतची विषाची पिशवी आत विष ढकलत राहते. ओठ-घसा सुजणं, दम लागणं, चक्कर येणं यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा. आम्हाला पायथा गाठायला पन्नास मिनिटं लागली. नशिबानं पुरली.

यंदा माघात वन्संनीच विषय काढला. "वैनी, औंदा कुठं जायचं?" मी गप्प बसले. त्या म्हणाल्या, "मला जायचंय. पण शिकून जायचंय." पुढचे दोन महिने आम्ही जे केलं ते इथं सविस्तर लिहितेय. आमच्यासारख्या चाळिशी-पन्नाशीतल्या बायका आता डोंगरावर जायला लागल्या आहेत, आणि वसंतातला डोंगर पावसाळ्यातल्यासारखा नसतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला बेत भीमगडाचा होता. खानापूर तालुक्यातला हा किल्ला अभयारण्यात येतो. 2011 साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. परवानगीसाठी आम्ही वनखात्याच्या कार्यालयात गेलो. अर्ज कन्नडमध्ये होता, तो माझ्या भाच्यानं भरला. टेबलापलीकडच्या माणसानं तारीख पाहिली आणि मान हलवली. "एप्रिल? बेंकी समय. आगोदिल्ला." आगीचा काळ आहे, होणार नाही. मला पहिल्यांदा रागच आला. मग त्यानं आपण होऊन समजावलं, निम्मं कन्नड, निम्मं मराठी. गवत कंबरेएवढं वाळलेलं आहे, खाली पाचोळ्याचा थर आहे, दुपारचा वारा सुटला की एका काडीनं डोंगरच्या डोंगर जातो. माणसं आत असताना वणवा लागला तर त्यांना शोधायचं की आग विझवायची? त्याच्या हाताच्या पाठीवर भाजल्याचा जुना चट्टा होता, त्यावर माझी नजर खिळली. आमचा अर्ज त्यानं परत दिला तेव्हा माझा राग गेलेला होता. ते रान म्हणजे बारापेडेच्या गुहांतल्या दुर्मिळ वटवाघळांचं घर आहे. आमच्या एका रविवारपेक्षा ते राहिलेलं बरं.

अशा वेळी आडवाटेनं आत शिरणारे लोक मला माहीत आहेत. "कोण बघतंय?" म्हणतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, असं करू नका. आत कुणाचा पाय मोडला, कुणाला साप चावला तर शोधायला येणाऱ्यांना तुम्ही आत आहात हेच माहीत नसतं.

मग आम्ही जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, जाणारी गुराख्यांची वाट ठरवली. ती अभयारण्याबाहेरची, गावच्या जमिनीतून जाणारी आहे. तरी वाडीतल्या पंचांना विचारलं, आणि वनखात्याच्या गार्डला दिवस, वेळ, माणसं किती ते कळवलं. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापलं की पुढच्या रविवारी दहा गाड्या जाऊन उभ्या राहतात, आणि त्या वाडीत चैत्रात प्यायलाही पाणी पुरत नाही.

वाटाड्या म्हणून एक मामा मिळाले, गवळी समाजातले, साठीचे. पैसे आधी ठरवले, घासाघीस केली नाही. पंधरा दिवस आधी मी, भाचा आणि मामा असे तिघं ती वाट नुसती बघून आलो. मला वाटतं सगळ्या तयारीत हाच दिवस सगळ्यांत कामाचा ठरला. नकाशात झरा होता, प्रत्यक्षात चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. म्हणजे वर पाण्याचा थेंब नाही, सगळं पाठीवर न्यायचं. सड्यावर पोहोचल्यावर सावली म्हणजे मोजून दोन झाडं. उतरतानाच्या एका टप्प्यावर मुरमाड घसारा आणि त्यावर वाळकं गवत, तेलावर पाय ठेवल्यासारखं. आणि मधल्या एका कातळाच्या पोटात मोहोळ.

ते मामांनी लांबूनच दाखवलं. भाच्यानं आणलेल्या दुर्बिणीतून मी बघितलं. गेल्या वर्षानंतर पहिल्यांदाच. काळपट, अर्ध्या सुपाएवढं, कातळाला चिकटून लोंबकळणारं. आणि त्याच्या अंगावरून लाटा जात होत्या. एका कडेच्या माश्या पोट उचलायच्या, मग शेजारच्या, मग त्यांच्या शेजारच्या, अशी लकाकी या टोकाकडून त्या टोकाला सरकायची. गांधीलमाशी जवळ आली की त्या असं करतात. मी खूप वेळ बघत राहिले. गेल्या वर्षी जे आमच्यावर तुटून पडलं, ते स्वतःच्या घराची राखण करत होतं. मामा म्हणाले, "वारं कुटनं येतंय ते आदी बगायचं. वाऱ्याच्या वरच्या अंगानं मोहोळाजवळनं जायाचं न्हाई. आपला वास त्येच्याकडं जातोय." त्या कातळाला चांगला लांबचा वळसा घालायचा ठरला.

तोपर्यंत बाकीच्यांचा सराव चालू होता. तीन रविवार येळ्ळूरहून राजहंसगडावर चालत, पाठीवर पाणी भरलेल्या बाटल्या घेऊन. वर गाडीरस्ता आहे, त्यामुळं कुणाला त्रास झाला तर खाली आणणं सोपं. दोघींचे नवे बूट तिथंच चावले, ते बरं झालं. एकीच्या गुडघ्यानं उतारावर साथ सोडली, तिनं स्वतःच सांगितलं की मी यंदा येत नाही. असं सांगायला हिंमत लागते. पुढच्या वर्षी तिला घेऊनच जायचं आहे.

आदल्या बुधवारी आमच्या घरी ओसरीवर सगळ्या बसलो. मी एका सोसायटीत कॅशियर आहे, मोजण्याची सवय आहे, म्हणून पिशव्या मी तपासल्या. प्रत्येकी साडेतीन लिटर पाणी. सोबत आमसुलाचं पाणी मीठ-साखर घालून, आणि ओआरएसच्या पुड्या. उन्हात घाम गाळल्यावर नुसतं पाणी ढोसून भागत नाही, मीठही जातं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. चहा नाही, शेगडी नाही, काडेपेटी नाही. अत्तर, सुवासिक तेल, बॉडी स्प्रे काही नाही. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे. आणि पायजमा मोज्यांत खोचायचा, मोजे पांढरे.

पांढऱ्या मोज्यांवर सगळ्या हसल्या, म्हणून मला माकडतापाबद्दल सांगावं लागलं. कन्नडमध्ये 'मंगन कायिले' म्हणतात. 1957 साली शिवमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. नंतर तो घाटानं वर सरकत आला, पलीकडं गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माणसं दगावली. पसरवणारी असते गोचीड, आणि तिची पिल्लावळ नेमकी थंडीपासून मेपर्यंत पाचोळ्यात भरपूर असते. खसखशीच्या दाण्याएवढी. काळ्या मोज्यावर दिसायची नाही. पाचोळ्यात बसकण मारायची नाही, बसायला प्लॅस्टिकची चटई. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लांबूनच मागं फिरायचं आणि आरोग्य केंद्राला कळवायचं.

एक गोष्ट पुरुष मंडळी लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. आम्ही बायका डोंगरावर लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पितो. चैत्रात हे जिवावर बेतू शकतं. आम्ही ठरवून टाकलं की वाटेत तीन ठिकाणी थांबायचं, आडोसा धरायला दोघी उभ्या राहायच्या. पाणवठ्यापासून, मग तो आटलेला का असेना, चांगलं शंभर पावलं लांब जायचं. पॅड असेल तर कागदात गुंडाळून परत आणायचं. पुरायचं नाही, रानडुकरं उकरतात. एकदा उघडपणे बोलल्यावर कुणालाच काही वाटलं नाही.

शेवटी वेळ. साडेदहाला जिथं असू तिथून माघारी. शिखर चार पावलांवर असलं तरी. हे कागदावर लिहून सगळ्यांच्या घरी दिलं. वाट, वाडी, मामांचा फोन, आणि 'दुपारी तीनपर्यंत निरोप आला नाही तर 112 ला कळवा' ही ओळ. जांबोटी सोडली की मोबाईलची रेंज भरवशाची नाही.

पाडव्यानंतरचा दुसरा रविवार. पावणेपाचला टिळकवाडीतून टेम्पो निघाला, आम्ही नऊजणी आणि भाचा. वाडीत पोहोचलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. मामा म्हणाले, थांबा, नीट उजाडू दे. करवंदाच्या जाळीत पहाटे अस्वल असू शकतं. खानापूरकडच्या रानात अस्वलाच्या हल्ल्याची बातमी दरवर्षी ऐकू येते. त्याला लांबचं नीट दिसत नाही, ऐकूही कमी येतं, म्हणून माणूस एकदम समोर उभा ठाकला की ते बिथरतं. बोलत चालायचं, इतकाच मामांचा नियम. स्पीकरवर गाणी नाहीत, पण आपसात गप्पा चालू ठेवायच्या. नऊजणींना हे जड जाणार नव्हतं.

साडेसहाला निघालो. पहिला टप्पा रानातून. अंजनीच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी बुडाल्या होत्या, खोडालासुद्धा फुलं. कोशिंबाची नवी पालवी लालभडक, दुरून झाड पेटल्यासारखं वाटत होतं. करवंदं अजून हिरवी होती, एखाददुसरं काळं. एकीनं हात पुढं केला, मामा काही बोलले नाहीत, पण वन्संनी तिला थांबवलं. ही करवंदं वाडीतल्या बायका द्रोणात घालून रस्त्यावर विकतात, त्यांचे हे महिनाभराचे पैसे. परतताना विकत घेऊ, असं ठरलं.

कातळाच्या अलीकडं मामा थांबले. मूठभर वाळकं गवत चुरडून हवेत सोडलं, ते कुठं उडतं ते पाहिलं. मग वळून आमच्याकडं बघितलं, आणि हळूच म्हणाले, "आक्का, त्ये फुलं काडा."

आमच्यातल्या एकीनं सवयीनं मोगऱ्याचा गजरा माळला होता. देवपूजा करून आली, डोक्यात गजरा आला. अत्तर नाही, तेल नाही, सगळं आम्ही तपासलं होतं. गजऱ्याला वास असतो हे नऊजणींत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. मी वन्संकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनीच पुढं होऊन गजरा सोडवला, स्वतःचा दशमीचा डबा रिकामा केला, गजरा आत ठेवून झाकण घट्ट लावलं आणि डबा पिशवीच्या तळाशी घातला. मग आम्ही बोलणं बंद करून, एकामागोमाग एक, मामांच्या वळशानं गेलो. तेवढी दहा-बारा मिनिटं वन्संनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची नखं रुतली होती. कातळ मागं पडल्यावर त्यांनी हात सोडला आणि म्हणाल्या, "गेलो की."

पावणेदहाला सड्याच्या खिंडीत आलो. इथून पूर्वेकडं बघितलं की कणकुंबीकडचा मुलूख. तिथं मलप्रभा उगम पावते आणि आपल्या शेतांमधून कृष्णेकडं जाते. याच खानापूर तालुक्यात देगावकडं म्हादई उगम पावते, ती पश्चिमेला गोव्यात उतरते. मामांनी एक दगड दाखवला. त्यांच्या वडिलांनी म्हणे सांगितलं होतं, की या दगडावर पडलेला पाऊस दोन्हीकडं जातो.

तिथून पुढचा सुळका अर्ध्या तासावर दिसत होता. तो गाठायचा म्हणून तर दोन महिने घातले होते. पण एकीचं डोकं दुखायला लागलं होतं, अंगावर काटा येत होता, मळमळत होतं. ऊन लागल्याची ही सुरुवात. तिला झाडाच्या सावलीत बसवलं, मानेवर ओला पंचा ठेवला, आमसुलाचं पाणी घोट घोट दिलं. वीस मिनिटांत तिला बरं वाटलं. दोघी म्हणाल्या, तुम्ही हिला घेऊन थांबा, आम्ही पटकन जाऊन येतो. मन माझंही ओढत होतं. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. पश्चिमेला, गोव्याच्या बाजूला, कापसासारखे ढग उभे चढायला लागले होते. दुपारच्या वळवाची ती तयारी असते. उघड्या सड्यावर वीज पडायला लागली तर लपायला जागा नाही, झाडाखाली तर मुळीच जायचं नाही. आणि तुकडी फोडायची नाही, हे ठरलेलं होतं. मी म्हटलं, सगळेच उतरायचं. दोघी नाराज झाल्या. त्यांतली एक तर वाटभर माझ्याशी बोलली नाही.

उतरणं चढण्यापेक्षा कठीण गेलं. घसाऱ्यावर सरळ न उतरता तिरकं, पावलाची कड रोवत, पुढचीपासून अंतर ठेवून. एकदा एक दगड सुटला, आम्ही सगळ्यांनी ओरडून खालच्यांना सांगितलं. कुणाला लागला नाही. सव्वाबाराला वाडीत होतो.

मामींनी ओसरीवर चटया टाकल्या. चुलीवरचा चहा झाला, जिथं चूल पेटवायची तिथंच. मी कागद मोजले. नेलेल्या चिक्कीच्या बावीस पाकिटांपैकी एकवीस परत आली. बावीसावं भाच्याच्या खिशात निघालं. वाटेत दुसऱ्यांनी टाकलेल्या गुटख्याच्या पुड्या आणि दोन बाटल्या मिळाल्या होत्या, त्याही पोत्यात घेतल्या आणि बेळगावात आणून टाकल्या. वाडीला कचरागाडी येत नाही, त्यांच्या दारात ठेवून काय उपयोग? करवंदाचे आठ द्रोण घेतले. घरी फोन लावायला जांबोटीजवळ रेंज आली, तेव्हा पावणेतीन वाजले होते. फोनवर बोलतानाच मागं गडगडाट झाला. वळून पाहिलं तर सड्याच्या बाजूचं आभाळ शाईसारखं झालं होतं, आणि त्यातून वीज सरळ खाली उतरली. न बोलणारीनं माझा हात दाबला.

घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात आणि साबणानं आंघोळ. माझ्या मोज्याच्या पट्टीत एक गोचीड सापडली, अजून चावली नव्हती. चिकटपट्टीवर उचलून, पट्टी दुमडून टाकली. त्यानंतर पंधरा दिवस प्रत्येकीनं रोज सकाळी ग्रुपवर एक शब्द टाकायचा होता. अचानक ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर गोळी घेऊन अंगावर काढायचं नाही. डॉक्टरांना सांगायचं की आम्ही रानात गेलो होतो. हे सांगितलं नाही तर तिकडं लक्ष जात नाही. माकडताप अंगात भिनायला काही दिवस लागतात. आठव्या दिवशी एकीला ताप आला, सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, रक्त तपासलं, साधा निघाला.

पंधराव्या दिवशी सगळ्यांचं 'बरं आहे' आलं. सगळ्यांत शेवटी वन्संचं. त्यांनी दशमीच्या डब्याचा फोटो टाकला होता. डबा दोनदा घासला तरी मोगऱ्याचा वास जात नाही, म्हणाल्या. आणि खाली लिहिलं होतं, रविवारी राजहंसगड, पहाटे साडेपाचला येळ्ळूरच्या वेशीत.